कोणत्या वेशीपासून?

संपादकांचं पत्र आलं, "गुरुजी, गावफेरीतले गमतीचे अनुभव लिहा. दिवाळीत वाचकांना जड काही नको." गमती पोतंभर आहेत. विलायतेहून आलेल्या एका पाहुण्यानं आपल्या पणजोबाचा बंगला समजून गुरांच्या दवाखान्याचे भराभर फोटो काढले आणि डोळे पुसले. मी त्याला खरं सांगितलं नाही. माणूस एवढ्या लांबून आलेला. पण लिहायला बसलं की बहात्तरच्या दुष्काळातली ती विहीरच पुढं येते. तेव्हा संपादकांनी मला माफ करावं.

गावाचं नाव लिहीत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, उमरग्याच्या अलीकडं, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि त्यातले निम्मे माझ्यावर रागावतील.

मी मूळचा भूम तालुक्यातल्या ईटचा. या गावच्या हायस्कुलात इतिहासाचा मास्तर म्हणून आलो तेव्हा वर्गात शिकवताना पोरं जांभया द्यायची. इंग्रज म्हणजे त्यांना पुस्तकातला, लांब कुठंतरी कलकत्त्याकडचा. आपल्याकडं तर निजाम होता, गुरुजी, इंग्रज कुठला? मोठे शिकलेले अधिकारीसुद्धा मला हेच ऐकवायचे. खरी गोष्ट अशी की सत्तावन्नच्या बंडाच्या आगेमागे काही वर्षं हा मुलूख निजामाकडून कंपनी सरकारकडं गेला होता. मग परत निजामाला मिळाला. मधल्या काळात इथं एक गोरा साहेब राहून गेला, त्यानं कचेरी बांधली, तबेला बांधला, सडक आखली, आणि गेला. गाव त्याला विसरलं. त्याच्या तबेल्यात आमच्या सोसायटीचं गोदाम आहे; भिंतीत घोडे बांधायच्या कड्या आहेत, त्यांना पोती उचलणारे हमाल आपली टोपी अडकवतात.

एका शनिवारी पोरांना उठवलं आणि त्या कड्या दाखवायला नेलं. ती पहिली गावफेरी. पुढं दर महिन्याला एक, मग बाहेरच्या शाळा, शिक्षक, एखादा प्राध्यापक, एखादा हौशी वकील. पंधरा-वीस माणसं घेऊन दोन तास चालायचं आणि सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण चाललेलं माणूस कंटाळलं की ते थांबत नाही, नुसतं मागं राहतं, आणि मागं वळून बघावं तर तुमच्या वीस माणसांची अकरा झालेली असतात. म्हणून थांबे जवळजवळ ठेवायचे, आणि प्रत्येक थांब्यावर हात लावायला काहीतरी हवं. कडी, दगड, खांब. तारखा सांगायच्या नाहीत. म्हाताऱ्यांना विचारतानाही "किती साली?" असं विचारायचं नाही. "तुमच्या लग्नाआधी का नंतर?" असं विचारलं की बरोबर उत्तर येतं. अशा तीसेक म्हाताऱ्यांची सांगणी मी वहीत उतरवून घेतली होती. त्या वहीचा मला फार अभिमान होता.

स्वभावानं मी घाबरट. फेरीच्या आदल्या दिवशी सगळा रस्ता एकदा चालून यायचो. न जाणो, कचेरीची भिंतच पडली असली तर? बायको म्हणायची, "शंभर वर्षं उभी आहे ती. तुमच्या फेरीसाठी उद्या पडणार आहे का?" तिचं बरोबर होतं, पण मी जायचोच.

फेरीतला पोरांचा आवडता भाग म्हणजे साहेबाची विहीर. ती दिसायची नाही, म्हणूनच आवडती. साहेबानं घोड्यांसाठी बांधून घेतलेली, बारमाही पाण्याची. तो गेल्यावर तिच्यात एक घोडं पडून मेलं, लोक तिला वाईट म्हणू लागले आणि मागाहून आलेल्या अंमलदारानं ती बुजवली. हे मला पेशकारसाहेबांनी सांगितलेलं. ते निजामाच्या तहसिलीतले जुने कारकून, ताडमाड उंच, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या वडिलांनी त्यांना जागा सांगितली होती. "मास्तर," ते म्हणाले होते, "कमान से दो सौ कदम. नाक की सीध में. बाजू कू नक्को सरको." कमान म्हणजे गावची वेस. मी वेशीतून पोरांना दोनशे पावलं मोजायला लावायचो आणि म्हणायचो, "आत्ता तुम्ही विहिरीवर उभे आहात!" पोरं उड्या मारायची.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आधीची दोन वर्षं तोंडदेखला पडला होता, त्या वर्षी तेवढाही नाही. गावातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. माणसं खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या दुष्काळी कामावर गेली. रेशनला तांबडी मिलो ज्वारी, कामावर खायला सुकडी. टँकर येई तेव्हा बायांच्या घागरींचा आवाज शाळेपर्यंत यायचा आणि मला शिकवणं बंद करावं लागायचं.

सोसायटीचे चेअरमन बसवणप्पा, सगळे आप्पा म्हणायचे, एका दुपारी शाळेत आले. अडत दुकानदार माणूस, घरात कानडी, बाहेर मराठी, बोलणं नेहमी तोललेलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. बसले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"गुरुजी, साहेबाच्या इहिरीचं पोरीला सांगितलं ते खरं का गोष्टीपुरतं?"

'गोष्टीपुरतं' म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण वर्ग समोर बसलेला, आप्पांची मुलगी पहिल्या बाकावर. मी म्हणालो, "खरं आहे."

"जागा दाखवशीला?"

"दाखवतो."

आप्पांनी तहसिलीत खटपट करून नालाबंडिंगवरची एक टोळी विहिरीकडं वळवून घेतली. दहा दिवसांची मंजुरी मिळाली. दहा दिवसांत पाणी नाही लागलं तर टोळी परत, आणि आप्पांनी सगळ्यांपुढं दिलेला शब्द फुकट. मी वेशीपासून दोनशे पावलं मोजली. हातात चुना होता, गोल आखला. नारळ फुटला. त्या क्षणापर्यंत मी हे काम खेळ म्हणून करत होतो. पहिली कुदळ पडली आणि खेळ संपला.

पहिले तीन दिवस चौकातला हॉटेलवाला मला बाकावर बसवून चहा देई. पाचव्या दिवशी उभ्यानंच दिला. सातव्या दिवशी मी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. खड्ड्यातून नुसता पिवळा मुरूम निघत होता. ज्या मातीला कधी माणसाचा हात लागला नाही ती लगेच ओळखू येते. भरावाची माती भुसभुशीत असते, तिच्यात खापऱ्या, कोळसा, चुना सापडतो. इथं काही नव्हतं. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण मी स्वतःला सांगत राहिलो की अजून थोडं खाली असेल. माझी पावलं आखूड म्हणून पेशकारसाहेबांच्या थोरल्या मुलाला, तोही बापासारखाच उंच, चालायला लावून पाहिलं. तो पुढं जाऊन पोचला. मग खड्डा तिकडून रुंद केला. पेशकारसाहेब आदल्या वर्षीच वारले होते, विचारणार कुणाला?

बाया रिकाम्या घागरी घेऊन खड्ड्याच्या काठावर यायच्या. आधी आत बघायच्या, मग माझ्याकडं. बोलत काही नव्हत्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सातव्या दिवशी तीन परस, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर काळा खडक लागला आणि त्याच दुपारी एक बाजू ढासळली. एका गड्याचा पाय मुरगळला, जिवावरचं त्याच्या पायावर निभावलं. आप्पा खड्ड्याच्या कडेला दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. "अय्यो शिवने," ते पुटपुटत होते, "नीर इल्ला, गुरुजी, नीर इल्ला." पाणी नाही, एवढं कानडी मलाही कळत होतं.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर खड्ड्यावर गेलो तेव्हा टोळी सुकडी खायला बसली होती. पाट्या उचलणाऱ्या बायांतली एक माझ्याकडं आली. शेवंताबाई. वेशीबाहेरच्या बौद्धवाड्यातल्या, साठीच्या, डोक्यावर चुंबळ तशीच. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकून गेला होता.

"गुर्जी, एक इचारू का? राग मानू नगा."

"विचारा ना, मावशी."

"तुमी कोंच्या येशीपासनं मोजलं?"

"वेस एकच आहे की."

"आता हाय एकच. ही नवी हाय. सडक रुंद झाली तवा बांदली. जुनी तिकडं होती, वड्याच्या तोंडाला." त्यांनी तेलघाणीच्या मागच्या बाजूला हात केला. "म्या लगीन करून आले तवा जुनीच होती."

माझ्या वहीतल्या तीस म्हाताऱ्यांपैकी एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. सांगणार कसे? मी विचारलंच नव्हतं. आणि जो माणूस रोज वेशीतून आत-बाहेर करतो त्याला वेस इथं होती का तिथं, याचं काय पडलेलं असतं? मी शेवंताबाईंना विचारलं, "मावशी, तुम्हाला नक्की आठवतंय?"

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "गुर्जी, तुमी लोक येशीतनं जायचे. आमाला तितं थांबवायचे. सासू आन् म्या घागर घिऊन बसायचो. आतल्या कुनाला दया आली तर वरनं पानी वतायचं. नव्या येशीला जरा सावली तरी हाय. जुनीला न्हवती. म्हून ध्यानात हाय."

त्यांनी मला तिथं नेलं. तेलघाणीच्या भिंतीला लागून एक अर्धा पुरलेला काळा दगड होता. त्याच्या माथ्यावर वाटीएवढा गुळगुळीत खळगा. घागरी ठेवून ठेवून पडलेला. आठ वर्षं मी या दगडाजवळून फेऱ्या नेल्या होत्या. पोरं त्याच्यावर पाय ठेवून चपलेचा अंगठा नीट करायची. शेवंताबाईंनी दगडाला पाठ लावली आणि गावाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "हिकडं तोंड होतं येशीचं. आता मोजा."

पेशकारसाहेबांच्या मुलाला पुन्हा बोलावलं. दोनशे पावलं कोंडवाड्यामागच्या मोकळ्या जागेत संपली. तिथं बोटभर हिरवळ होती, त्या सालातसुद्धा, आणि गावातल्या एकाही शहाण्यानं विचार केला नव्हता की इथंच का.

आता आप्पांकडं जायचं होतं. दुकानाच्या पायऱ्या चढलो. "मोजणीत चूक झाली माझी," मी म्हणालो. "वेस दुसरीकडं होती."

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "जुनी येस... व्हय, आमचे वडील म्हनायचे कायतरी. तुमाला आता कुणी सांगितलं?"

आणि मी म्हणालो, "जुने कागद पुन्हा पाहिले."

हे का म्हणालो, ते तेव्हा मी स्वतःला असं समजावलं की, पाट्या उचलणाऱ्या बाईच्या सांगण्यावर आप्पा टोळी हलवणार नाहीत, पाण्याचा प्रश्न आहे, खोटं बोललेलं चालतं. यात थोडं तथ्य होतं. पण सगळं नव्हतं. इतिहासाच्या मास्तराला त्याच्याच गावफेरीतली चूक एका मजूर बाईनं दाखवली, हे मला तोंडातून काढवेना. ते खरं कारण.

दोन दिवस उरले होते. त्या दोन दिवसांत मी जेवलो की नाही आठवत नाही. पहिल्याच दुपारी भुसभुशीत माती, खापऱ्या, चुन्याचे गोळे. दुसऱ्या दिवशी घडीव दगडांची गोल कड उघडी पडली. मंजुरीचा शेवटचा दिवस संपला तरी टोळी हलली नाही. आप्पा स्वतः तहसिलीत जाऊन बसले आणि मुदत वाढवून आले. आणखी चार दिवसांनी खालून ओल आली, मग झिरपा, मग गढूळ, मग पाणी. आप्पा भर चौकात रडले. माझ्या गळ्यात हार पडला, पेढा कुणीतरी तोंडातच कोंबला. शेवंताबाई गर्दीच्या मागं पाटी घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं. मी हार काढला नाही.

पाण्याचा नंबर लागला. आळीवार. सोसायटीच्या पंचांनी यादी केली ती वेशीच्या आतून सुरू झाली. बौद्धवाडा सगळ्यांत शेवटी. भांडण नाही, शिवी नाही, कुणी मुद्दाम केलं असंही म्हणवत नाही. आधी जवळच्या आळ्या, मग लांबच्या, असं पंचांचं म्हणणं. मी त्या बैठकीत बसलो होतो. विहीर दाखवणारा मानाचा माणूस म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर त्या दिवशी माझं कुणी मोडलं नसतं. मूग गिळून बसलो.

बौद्धवाड्याचा नंबर यायचा तोवर विहीर तळाला गेलेली असायची. एकदा मी पाहिलं, शेवंताबाई पदराच्या चौपदरी घडीतून गाळून घागरीत पाणी भरत होत्या, आणि घागर अर्धी व्हायला शाळेचा एक तास जावा लागला. मला बघून म्हणाल्या, "इहीर घावली न्हवं, गुर्जी? झालं तर." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारत आलो. नसावा, आणि तेच जास्त लागतं.

पुढं पाऊस आला. माझी फेरी मात्र विहिरीमुळं नावारूपाला आली. शेजारच्या तालुक्यातल्या शाळा येऊ लागल्या. मी रंगवून सांगायचो: चुकलेली मोजणी, ढासळलेला खड्डा, आप्पांचं कानडी, आणि मग "जुने कागद". लोक टाळ्या वाजवायचे. एकच खोटं इतक्या वेळा सांगितलं की ते कागद मला डोळ्यांपुढं दिसू लागले, पिवळे, कडा कुरतडलेले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एका शाळेच्या फेरीबरोबर पालकही आले होते. त्यांत शेवंताबाईंचा मुलगा होता. आता जिल्हा परिषदेत कारकून, पांढरा सदरा, खिशाला पेन. मी नेहमीप्रमाणे कागदांपर्यंत आलो. टाळ्या थांबल्यावर त्यानं हात वर केला, वर्गात करायचा तसाच.

"गुरुजी, ते कागद कधी बघायला मिळतील?"

"शोधून ठेवतो," मी म्हणालो.

"सावकाश शोधा," तो म्हणाला. बस. नंतर त्यानं विषय काढला नाही, फेरीभर मान डोलवत चालला. मला मात्र पुढचे कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही. वर्गात खडू हातात घेतला की वाटे, आता मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करील.

शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर शेवंताबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, बैठकीतलंही. म्हणालो, "मावशी, पुढच्या आठवड्यात शिक्षकांचं शिबिर आहे. चाळीस माणसं येतील. तुम्ही त्या दगडाजवळ या आणि तुम्हीच सांगा. मी मागं उभा राहतो."

त्या सुपातलं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या न्हाय येत, गुर्जी. लई थांबलेय तितं. आता तुमी थांबा आन् सांगा."

मी थांबलो. भर उन्हात, दगडाला पाठ लावून, गावाकडं तोंड करून. वेस कुठं होती ते सांगितलं, ते मला कुणी दाखवलं ते सांगितलं, आणि पंचांच्या बैठकीत मी गप्प बसलो तेही सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. गावचे दोघे-तिघे ऐकायला उभे होते, ते निघून गेले. त्यांतला एक पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी बोलला नाही.

मग एका शिक्षिकेनं विचारलं, "गुरुजी, पाण्यासाठी किती वेळ थांबावं लागायचं त्यांना?"

मला माहीत नव्हतं. वहीत नव्हतं. अंदाजानं काहीतरी सांगायची सवय जिभेच्या टोकाशी आली होती, ती गिळली. म्हणालो, "चला, विचारू." आणि माझी गावफेरी पहिल्यांदा वेशीबाहेर बौद्धवाड्यात गेली. चाळीस माणसं त्या अरुंद बोळात मावेनात. शेवंताबाई ओट्यावरच होत्या. आधी गर्दी बघून दचकल्या, मग पदर सावरला. त्या शिक्षिकेनं पुढं होऊन तोच प्रश्न विचारला.

"कुनी येईस्तवर," शेवंताबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.